जे आजारी पडले नाहीत

आमच्या मांजरी गावात बहुतेक कुणाचाही डावा दंड पाहिला तर खांद्याच्या जरा खाली एक बारीक, किंचित खोलगट व्रण दिसतो. तो बीसीजीचा. जन्मल्यावर लगेच टोचलेल्या लशीनं तिथे एक फोड आणला, तो महिना-दोन महिन्यांत फुटला, सुकला आणि खूण उरली. लशीची शरीराला दखल घ्यावी लागली, एवढंच त्या व्रणावरून कळतं. पुढे आयुष्यभरात क्षयापासून त्या माणसाचं रक्षण झालं का, ते व्रणावरून कळत नाही. आणि आजच्या घडीला ते कुठल्याही रक्ततपासणीवरूनही खात्रीनं कळत नाही. माझं पीएचडीचं काम हे कळण्यासाठी चाललंय.

मी मांजरी बुद्रुकला राहते. एकीकडे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, एकीकडे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मधे इमारतींनी वेढत आणलेले उसाचे फड, आणि सीरम इन्स्टिट्यूटची लांबच लांब भिंत. जानेवारी २०२१ मध्ये कोविशील्डची पहिली खेप घेऊन इथून निघालेले ट्रक सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिले. हीच कंपनी बीसीजीही बनवते आणि ती जगातल्या कितीतरी देशांतल्या नवजात बाळांना टोचली जाते, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. जुनी लस आहे, तिची बातमी होत नाही.

जुनी म्हणजे शंभर वर्षांहून जुनी. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ च्या सुमारास गाईच्या क्षयाचा जंतू घेतला आणि पित्त व ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर तो वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी जुन्या वाढीतला थोडा भाग नव्या बटाट्यावर. असं १३ वर्षं, २३० वेळा. मधे पहिलं महायुद्ध झालं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी त्यांनी ते थांबवलं नाही. शेवटी जंतू मवाळ झाला आणि १९२१ मध्ये पॅरिसला पहिल्या बाळाला ही लस पाजण्यात आली. जंतूतून नेमकं काय गेलं म्हणून तो मवाळ झाला, हे दोघांनाही कधी समजलं नाही. ते समजायला जनुकवाचन यावं लागलं. १९९८ मध्ये माणसाच्या क्षयजंतूचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला: सुमारे ४४ लाख अक्षरं आणि ४,००० च्या आसपास जनुकं. तो बीसीजीशेजारी ठेवून ताडून पाहिला, तेव्हा हरवलेले तुकडे ठळक दिसले. त्यातला आरडी-१ हा तुकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण जंतूला पेशीत धुमाकूळ घालू देणारी प्रथिनं त्यावर लिहिलेली असतात. संगणकावर दोन लांबलचक मजकूर शेजारी ठेवून काय गळलं ते शोधायचं, हे माझ्या विद्याशाखेचं मूळ काम आहे आणि मला ते अजूनही तितकंच थरारक वाटतं.

पण जंतू वाचून झाला तरी माणूस उरतोच. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ मध्ये बीसीजीची फार मोठी चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून जास्त माणसं त्यात होती. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीनं तिथे संरक्षण दिलंच नाही, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत हीच लस उत्तम चालली होती. लहान बाळांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून आपण ती आजही देतो आणि दिलीच पाहिजे. मग मोठ्यांत असं का झालं? एक गंभीरपणे घेतलं जाणारं उत्तर आपल्या मातीत आणि पाण्यात आहे. क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद उष्ण, दमट प्रदेशात सगळीकडे असतात. ओल्या वाफ्यात खेळणाऱ्या मुलाच्या शरीराची त्यांच्याशी लहानपणीच ओळख झालेली असते. त्यामुळे लस आल्यावर शरीर तिला लगेच आवरतं, किंवा तिनं द्यायचं ते आधीच मिळालेलं असल्यामुळे फरक दिसत नाही. म्हणून लशीनंतरच्या रक्तापेक्षा लशीआधीचं रक्त मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या खंडातल्या रक्तावर शिकवलेलं संगणकी मॉडेल मुळा-मुठेकाठच्या माणसांवर जसंच्या तसं चालेल, हे मी गृहीत धरत नाही, ते याच कारणासाठी.

या क्षेत्राला सर्वांत मोठा धडा २०१३ मध्ये मिळाला. एमव्हीए८५ए नावाची नवी लस दक्षिण आफ्रिकेत २,७९७ बाळांवर तपासली गेली. बाळांना बीसीजी आधी मिळालेली होती, ही तिच्यावरची जोड. रक्तातल्या टी-पेशी जाग्या झाल्या, इंटरफेरॉन-गॅमा तयार झालं, म्हणजे जे मोजायचं आपण ठरवलं होतं ते सगळं दिसलं. फक्त क्षय कमी झाला नाही. प्रतिसाद म्हणजे संरक्षण नव्हे, हे त्या दिवसापासून प्रत्येक संशोधकानं भिंतीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं. एकच रसायन मोजून भागत नसेल तर सगळंच मोजावं, या विचारातून आमचं काम सुरू होतं. रक्ताच्या एका नळीतून आरएनए काढला की त्या क्षणी २०,००० च्या आसपास जनुकांपैकी कोणतं किती चालू होतं, हे आकड्यांत उतरतं.

आणि इथे खरी कारागिरी लागते. आकड्यांचा तक्ता हातात आला की मी आधी कुठलीही चाचणी लावत नाही, एक चित्र काढते. हजारो जनुकांचे आकडे दोन अक्षांवर दाबून प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. लस घेतलेले निळे, न घेतलेले नारिंगी. कधीकधी निळे डावीकडे आणि नारिंगी उजवीकडे असे सुरेख वेगळे होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की लशीचा परिणाम सापडला. मग तेच ठिपके मी दुसऱ्या रंगांत रंगवते: आरएनए कोणत्या दिवशी काढला त्याप्रमाणे. मग रक्त किती तास बाहेर राहिलं त्याप्रमाणे. मग कोणत्या केंद्रावरून आलं त्याप्रमाणे. पुष्कळदा दिवसाचे रंग लशीच्या रंगांहून जास्त नेटके वेगळे होतात. दोन्ही गटांचे नमुने प्रत्येक दिवशी मिसळून घेतलेले असतील तर हा दोष गणितानं काढता येतो. एक गट एका आठवड्यात आणि दुसरा पुढच्या आठवड्यात उरकला असेल, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्या दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही. संगणकावरच्या माणसानं नमुने गोळा करण्याच्या बैठकीला हजर असलं पाहिजे, असा माझा आग्रह असतो तो म्हणूनच.

दुसरी पायरी अधिक बिकट. समजा एक जनुक वाढलेलं दिसलं. प्रत्येक पेशीत ते जास्त चालू झालं, की ते ज्या पेशींत नेहमीच चालू असतं त्या पेशीच रक्तात वाढल्या? पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइट वाढले आणि लिम्फोसाइट घटले की शेकडो जनुकं एका सुरात हलतात. बरेच जण पेशींचं हे प्रमाण गणितानं पुसून टाकतात. मी सरसकट पुसत नाही. मोनोसाइट आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर आणि क्षयाचा धोका यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलेला आहे. जे आपण कचरा म्हणून झाडून टाकतो, त्यातच उत्तराचा तुकडा असू शकतो. म्हणून मी दोन्ही प्रकारे हिशेब करते आणि दोन्ही निकाल शेजारी मांडते.

मग योगायोगाचा प्रश्न. २०,००० जनुकांना एकेक करून विचारलं आणि शंभरातले पाच खोटे कौल चालवून घेतले, तर काहीही घडलेलं नसताना हजारभर जनुकं हात वर करतात. त्यांची चाळणी करायची पद्धत पाठ्यपुस्तकात असते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे सगळ्या नमुन्यांवरून जनुकं निवडायची आणि मग त्यातलेच काही नमुने बाजूला काढून मॉडेलची परीक्षा घ्यायची. पेपर आधी वाटून घेतलेल्या परीक्षेसारखं ते आहे. गुण छान पडतात आणि नव्या गावातल्या रक्तावर मॉडेल कोसळतं.

नीट केलेलं काम कसं दिसतं? दक्षिण आफ्रिकेत ६,००० हून जास्त किशोरवयीन मुलांचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये १६ जनुकांची एक खूण जाहीर झाली. आजार उघड होण्याच्या वर्षभर आधी ती रक्तात दिसू शकते, आणि वेगळ्या गटांवरही ती तपासली गेली. माझ्या दृष्टीनं हा या विषयातला मैलाचा दगड आहे. मात्र ती धोक्याची खूण आहे. आजार जमू लागला की शरीर ओरडतं, ते ऐकू येणं तुलनेनं सोपं. संरक्षण ही न घडलेली गोष्ट. जंतू आला, आणि काही झालं नाही. त्या ‘काही झालं नाही’चा पुरावा रक्तात कुठे आणि कधी शोधायचा?

याचं उत्तर घराघरांत आहे. रुग्णाच्या कुटुंबातली माणसं औषधं सुरू होण्याआधी आठवडेच्या आठवडे त्याच हवेत श्वास घेत असतात. २०१९ मध्ये आयसीएमआरनं १२,००० हून अधिक अशा घरच्या माणसांवर दोन लशींची चाचणी सुरू केली. एक इम्युव्हॅक, भारतातच शोधलेल्या निरुपद्रवी जंतूपासून बनवलेली. दुसरी व्हीपीएम१००२. बर्लिनमध्ये स्टेफान कॉफमन यांच्या गटानं बीसीजीतलं युरिएजचं जनुक काढून त्यात लिस्टेरिया या जंतूचं एक जनुक बसवलं. त्यामुळे पेशीनं ज्या पिशवीत जंतूला कोंडलेलं असतं तिला भोकं पडतात आणि जंतूचे तुकडे प्रतिकारयंत्रणेला नीट दिसू लागतात. तिचा पुढचा विकास सीरमनं हाती घेतला. बर्लिनमध्ये सुचलेली कल्पना माझ्या घराजवळच्या भिंतीपलीकडे कुपीत उतरते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशा अभ्यासातली एक ओळ डोळ्यांसमोर आणा. बाई, मधलं वय, नवरा रुग्ण, दोघं एकाच खोलीत झोपतात. शरीरानं क्षयजंतूची दखल घेतली का ते पाहणारी इंटरफेरॉन-गॅमा तपासणी सुरुवातीला निगेटिव्ह, पुढेही निगेटिव्ह. तिच्या शरीरानं जंतू कसा परतवला? बऱ्याच जणांना वाटतं की हे आता यंत्रालाच विचारावं. पण त्याआधी एक साधा प्रश्न आहे: जंतू तिच्यापर्यंत खरोखर किती पोहोचला? नवरा रात्रपाळीला जात असेल, खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असतील, त्याच्या थुंकीत जंतू कमी असतील, तर तिचं रक्त संरक्षणाबद्दल काहीच सांगत नाही. आणि कोंदट खोलीत, जंतूंनी भरलेल्या खोकल्याशेजारी राहून ती निगेटिव्ह राहिली असेल, तर तिच्या एका नळीचं मोल मला इतर कित्येक नमुन्यांहून जास्त आहे.

म्हणून सध्या मी जनुकांच्या तक्त्याला आणखी काही रकाने जोडते आहे: एका खोलीत किती जण झोपतात, खिडक्या किती, खोकला सुरू होऊन औषध मिळेपर्यंत किती दिवस गेले, थुंकीच्या तपासणीत जंतू किती दिसले, स्वयंपाक कशावर होतो. हे रकाने भरायला महागडं यंत्र लागत नाही. उंबऱ्यात बसून, चहा घेत, घाई न करता विचारणारी आशाताई लागते. तिनं भरलेल्या त्या कागदाचं नाव माझ्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात सर्वांत आधी येणार आहे, सिक्वेन्सिंगच्याही आधी, आणि ज्या माणसाचे हे रकाने रिकामे आहेत त्याची वीस हजार जनुकं मी सध्या मॉडेलबाहेर ठेवली आहेत.