लिंबू : चाकाखालचे आणि कायद्यातले

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की चार चाकांखाली चार लिंबे ठेवण्याची रीत आहे. आमच्या गाडीला चाके तीनच, म्हणून आईने लिंबेही तीनच ठेवली. गाडी पुढे सरकली, लिंबे चिरडली गेली, पेढे वाटून झाले आणि दृष्टीचा प्रश्न कायमचा मिटला असे सर्वांनी धरून चालले. त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले की, अमेरिकेत खोट निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणजे चक्क लिंबूच म्हणतात. वर्ग हसला, मीही हसलो. पुढे दीड महिन्यातच आमच्या घरी या शब्दावर कोणी हसेनासे झाले.

गाडी म्हणजे माल वाहायची तीनचाकी. किंमत तीन लाखांच्या आतबाहेर, त्यातले बरेचसे कर्जाचे. आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटोचे पीक मोठे आणि त्याचा बाजार नारायणगावला. दुसऱ्याच्या टेम्पोला भाडे देत बसण्यापेक्षा आपलीच गाडी असावी, आपला माल न्यावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही न्यावा, असा अण्णांचा साधा हिशेब. चालवणारे तेच, भरणारे तेच, उतरवणारेही तेच.

दोष असा होता की, भरलेली गाडी चढाला लागली की तिसरा गियर आपोआप सुटे. लिव्हर हातातच राही आणि गाडी न्यूट्रलमध्ये जाई. सपाटीवर याचे काही वाटले नसते. चढावर मात्र मागे दुधाच्या किटल्या लावलेला मोटारसायकलवाला असतो, शाळेत निघालेली पोरे असतात. एकदा गाडी चांगली दहाबारा फूट मागे घरंगळली. अण्णांनी ती कशीबशी आवरली. पण घरी येऊन ते बराच वेळ ओट्यावर नुसते बसून होते. माल उशिरा पोचला की पडलेला भाव, आणि भाव पडला म्हणून न थांबणारा कर्जाचा हप्ता, या गोष्टी तर वेगळ्याच.

मग सुरू झाल्या सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या. गाडी घेताना ज्यांनी आग्रहाने चहा पाजला होता, तेच आता म्हणू लागले, “काका, टोकन घ्या, बसा तिकडे.” नऊ वाऱ्या झाल्या. दर वेळी तेच. एक मुलगा रिकामी गाडी घेऊन सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून येई आणि जॉबकार्डावर लिहून देई, ‘ट्रायल घेतली, ओके.’ दोनदा त्यांनी आतला कसलासा भाग बदलला, चार दिवस गाडी ठेवून घेतली. पण पुढच्या चढावर पहिले पाढे पंचावन्न!

सुट्टीच्या दिवशी मीही अण्णांबरोबर जाई. त्या बाकावर बसून मी जेवढे अर्थशास्त्र शिकलो तेवढे वर्गात शिकलो की नाही, याची शंका आहे. (सरांनी क्षमा करावी.) तिथे येणाऱ्या गाड्या जुन्या नव्हत्याच. कोणाची तीन महिन्यांची मोटार पावसात आतून भिजत होती, कोणाचे स्टिअरिंग डावीकडे ओढत होते. एका गृहस्थांच्या डॅशबोर्डावरचा इंजिनाचा पिवळा दिवा काही केल्या विझेना. एका शिक्षिकाबाईंची विजेवरची स्कूटर भर चौकात मुकाट्याने बंद पडे आणि इथे आणली की शहाण्यासारखी चाले. पूर्वीचा मेस्त्री इंजिनाला कान लावून दोष सांगे म्हणतात. आता गाडीला लॅपटॉप जोडतात. दोषाचा क्रमांक पडद्यावर उमटला तर दोष आहे, नाही उमटला तर नाही! आणि आमच्या सुटणाऱ्या गियरला बिचाऱ्याला क्रमांकच नव्हता.

सरांनी वर्गात सांगितलेला निबंध जॉर्ज अकरलॉफ यांचा. १९७० साली प्रसिद्ध झालेला हा निबंध त्याआधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्याच विचारासाठी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. मुद्दा असा की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. आणि या एका विषमतेने सबंध बाजार नासू शकतो. मला सर्वांत आवडले ते हे की, १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिले होते आणि त्यांच्या निबंधात बाजारच्या तांदळातले, मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणी आहे. म्हणजे आमची आईच की!

पण नव्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी आहे, असे माझे मत झाले आहे. जुनी गाडी विकणारा तिची खोट जाणून असतो. नवी गाडी विकताना शोरूमवाल्यालाही बहुधा काही माहीत नसते. हजार गाड्यांत एखादी अशी निघायचीच. खरी विषमता सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या वारीनंतर. तोवर दुरुस्त करणाऱ्याला कळून चुकलेले असते, आणि तरी तो ‘ओके’ लिहितो.

अमेरिकेतल्या लिंबू-कायद्याने नेमके इथेच बोट ठेवले. १९८२ साली कनेटिकट राज्याने असा पहिला कायदा केला आणि हळूहळू तिथल्या पन्नासही राज्यांत या ना त्या रूपात तो आला. कनेटिकटमध्ये पहिल्या दोन वर्षांत किंवा २४,००० मैलांत एकच मोठा दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकून पडली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असे कायदाच गृहीत धरतो; मग गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. पहिल्या वर्षात जिवावर बेतणारा दोष निघाला तर दोनच वेळा. गियरपेटीच्या पोटात काय बिघडले आहे हे शेतकऱ्याने सिद्ध करायला नको. त्याने फक्त वाऱ्या मोजायच्या. आमच्या नऊ झाल्या होत्या.

आपल्याकडे असा मोजणीचा कायदा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा. पहिला १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. कायदा वाईट नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचे शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दोन वर्षांच्या आत मात्र ती केली पाहिजे. पण दोष आहे हे दाखवायचे कोणी? तक्रार करणाऱ्याने. तपासणीवाचून दोष कळत नसेल तर आयोगाने वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी तरतूद आहे. तेलातूपाला ती ठीक. तीनचाकीचा नमुना कोणत्या बाटलीत भरणार?

आम्ही पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार केली. मजकूर मी लिहिला, सही अण्णांची. कंपनीचे उत्तर आले त्यात तीन मुद्दे होते. पहिला, गाडी धंद्यासाठी घेतली, सबब तक्रारदार ‘ग्राहक’च नव्हे. अण्णा हे ऐकून चकितच झाले. “मग पैसे कुणाचे घेतले यांनी?” एवढेच ते म्हणाले. पण कायद्यातच स्पष्टीकरण आहे की, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या धंद्यात मोडत नाही. आणि स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच आहे, हे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच देऊन ठेवले आहे. दुसरा मुद्दा, वॉरंटी भाग बदलून देण्याची आहे, गाडी बदलून देण्याची नव्हे. याला मात्र आधार आहे. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले आहे. म्हणून आम्ही गाडीबरोबरच पर्यायी म्हणून नवी गियरपेटी आणि नुकसानभरपाईही मागितली आहे.

तिसरा मुद्दा मला फार लागला. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, म्हणून ती बिघडली म्हणे! क्षमता पाचशे किलोंची. टोमॅटोचे कॅरेट वीस किलोंचे, आणि अण्णा वीसच कॅरेट भरत. पण हे सांगून कोण मानणार? तेव्हा आईने शिधापत्रिकेची पिशवी काढली. तीत प्रत्येक दिवसाची आडत्याची पट्टी होती. तारीख, कॅरेट, भाव, हमाली, तोलाई, सारे काही. शेजाऱ्यांचा माल नेला त्या दिवसांच्या पट्ट्या आईने त्यांच्या घरी जाऊन आणल्या. सत्तावन्न पट्ट्या निघाल्या. एकीवरही विसाच्या वर आकडा नाही. जॉबकार्डांपेक्षा या चिठोऱ्याच आमच्या कामी आल्या.

मागच्या महिन्यात आयोगाने नेमलेले तज्ज्ञ, एक तंत्रनिकेतनातले प्राध्यापक, गाडी पाहायला आले. बरोबर कंपनीचा इंजिनिअर. त्याने नेहमीप्रमाणे रिकामी गाडी सपाटीवर फिरवून आणली. अण्णा हात जोडून प्राध्यापकांना म्हणाले, “साहेब, बाजारातून परतताना रिकामी मीही आणतो. तिला काही होत नाही. भरून बघा.” इंजिनिअर नको म्हणत होता. प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “भरा.”

वीस कॅरेट वजन करून चढवले. प्राध्यापक स्वतः शेजारी बसले. पहिल्याच चढावर, वडाच्या वळणाच्या अलीकडे, गियर सुटला. त्यांनी पुन्हा खाली आणायला सांगितले. पुन्हा सुटला. पाच फेऱ्यांत चार वेळा. प्रत्येक वेळी त्यांनी मीटरवरचा आकडा लिहून घेतला आणि कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. अहवाल बंद लखोट्यात आयोगाकडे गेला आहे. तारीख दिवाळीनंतरची आहे.

पाच वेळा चढउतार करून खालच्या कॅरेटांतले टोमॅटो पार दबले होते. अण्णांनी ते तसेच बाजारात नेले. भाव यायचा तोच आला. त्या दिवसाची पट्टीही आईने पिशवीत ठेवली आहे.