तुमचाच आहे, दादा

चोरी झाली म्हणावी तर वस्तू जागेवर होती. पिकअपचं बॉनेट उघडलं की अल्टरनेटर समोर दिसायचा, पट्ट्यावर फिरायचा, बॅटरी चार्ज करायचा. फक्त तो माझा नव्हता. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी बॉनेटखाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विषय टोमॅटोच्या भावावर नेला.

गाडी बोलेरो पिकअप, माझ्याकडे आली तीच सेकंड हँड. बीएस-फोर यायच्या आधीची. 2523 सीसीचं साधं डीआय इंजिन, कॉम्प्युटर नाही, सेन्सरची भानगड नाही. पाना हातात धरता येणाऱ्या माणसाला बरंचसं उलगडता येतं. माल नारायणगावच्या मार्केटला, तिथं भाव पडला की थेट वाशीला. परतताना खत, पाइप, कुणाचं तरी कपाट. पिकअपवाल्याला यापुढचं सांगायला नको.

तर या गाडीच्या अल्टरनेटरचा खालचा कान मागे एकदा तडकला होता. बोल्ट ढिला राहिला, थरथरीनं ॲल्युमिनियम चिरलं. आळेफाट्यावर आर्गन वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगवाल्यानं जोड भक्कम दिला पण वर ढेकूळ ठेवलं, बोल्टचं डोकं बसेना. ते ढेकूळ मी घरी ओट्यावर बसून कानशीनं घासलं. घासताना कानस एका बाजूला जास्त चालली आणि तिथं अंगठा बसेल असा खळगा पडला. म्हणून म्हणतो, ती वस्तू मी अंधारात हातानं ओळखली असती. आणि ओळखली ती तशीच. म्हणजे नाही ओळखली.

पुढे क्लचप्लेट गेली. हे काम घरी होण्यातलं नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गाडी गॅरेजला लावली, मुक्कामालाच राहिली. परत आली तेव्हा क्लच झकास. मिस्त्रीनं इंजिनसुद्धा धुऊन दिलं होतं, न सांगता, फुकट. मी घरी येऊन त्याचं कौतुकही केलं.

मग माळशेज. रात्रीची वेळ, हौद्यात क्रेट रचलेले, वरून ताडपत्री. ओतूर गेलं, मढ गेलं, घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला पेडल कडक झालं. ब्रेक ऑइल गेलं की पेडल खाली बसतं, फुसकं होतं. हे उलटं होतं. पेडल वरच उभं, पाय घालून घालून मांडी भरून आली तरी गाडी हवी तेवढी धरेना. दुसरा गिअर टाकला आणि इंजिनच्या जोरावर उतरवली. मागून एक ट्रकवाला हॉर्न मारून मारून वैतागला. त्याला वैतागू दे. (घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आपल्याकडे गावोगाव आहेत. वाचून वाचून डिझेल वाचतं किती, आणि त्या रात्री मी न्यूट्रलमध्ये असतो तर क्रेट कुठल्या दरीतून वेचले असते, हा हिशोब त्यांनी करावा.) खाली टोकावड्याला गाडी बाजूला घेतली तेव्हा पाय थरथरत होता. माल नाशवंत, थांबून चालणार नव्हतं. सपाटीच्या रस्त्यानं अंतर ठेवत वाशी गाठली आणि रिकामी गाडी तशीच जपून परत आणली.

घरी आल्यावर नाना. नाना आमच्या वस्तीवरचे, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त. गाडी म्हटलं की त्यांना बोलवावं लागत नाही. त्यांनी निदान केलं, लायनर. मागची चाकं काढली, ड्रम ठोकून ठोकून उतरवले, लायनर चांगले निघाले. मग म्हणाले, मास्टर सिलिंडर. मग चारी चाकांची एअर काढली, मी पेडल मारायचं, नाना खाली निपल सोडायचे, "मार! धर! सोड!" सगळी वस्ती गोळा झाली. ब्रेक होता तसाच. माझ्या उशिरा लक्षात आलं की नानांचा सगळा जन्म एसटीच्या एअर ब्रेकवर गेला. कॉम्प्रेसर, टाकी, फुस्स आवाज, हे त्यांचं जग. व्हॅक्युमवर चालणारा बूस्टर त्यांनी कधी हाताळलेलाच नव्हता, आणि ते तसं कबूल करणं शक्य नव्हतं.

पेट्रोल इंजिन स्वतःच्या ओढीनं व्हॅक्युम तयार करतं, ब्रेकच्या बूस्टरला तो फुकट मिळतो. डिझेल इंजिनाला हवेच्या वाटेवर झडप नसते, त्यामुळे तशी ओढ नसते. म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, आणि आमच्या या गाडीत तो बसवलाय अल्टरनेटरच्या शेपटाला. एकाच शाफ्टवर पुढे करंट आणि मागे व्हॅक्युम. इंजिनचं ऑइल बारीक नळीनं पंपात येतं आणि जाड पाइपानं परत चेंबरमध्ये उतरतं. आतली पाती झिजली की व्हॅक्युम पडतो, बूस्टर मदत करत नाही, आणि सगळा भार आपल्या पायावर येतो. तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा, कडक झालं की पाय तसाच दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडं खचलं पाहिजे. माझं खचलं नाही. बूस्टरचा पाइप काढून तोंडाला अंगठा लावला. इंजिन चालू, आणि ओढ इतकी दुबळी की अंगठा सहज सुटून येत होता.

मग इंजिन बंद करून त्या पाइपावरून बोटं फिरवत मागे मागे गेलो, कुठं चिरलाय का पाहायला. पाइप चांगला होता. बोटं अल्टरनेटरच्या मागे पोचली, तिथून खाली बोल्टपाशी. कान गुळगुळीत. खळगा नाही, जोड नाही. मी हात काढून पुसला, परत घातला. मग मोबाइलचा उजेड पाडला. कान साजूक होता, कंपनीतून निघाल्यासारखा.

त्या दुपारी मी गॅरेजात गेलो ते भांडायलाच. मिस्त्री एका टेम्पोखाली झोपला होता, फक्त पाय बाहेर. मी पायांशीच बोलायला सुरुवात केली. तो सावकाश बाहेर आला, हात पुसले, चहा सांगितला. मी सांगितलं, अल्टरनेटर बदललाय. तो म्हणाला, "तुमचाच आहे, दादा. धुऊन दिलाय ना, म्हणून ओळखू येईना."

यावर माणसानं काय बोलावं? मी म्हटलं, माझ्या अल्टरनेटरच्या कानाला वेल्डिंग होतं. तो म्हणाला, "मग ह्याला नाही का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग चांगलंय की." पोऱ्यांपैकी एकजण हसला. मी म्हटलं, क्लचप्लेटच्या कामात अल्टरनेटरला हात लावायचं कारणच काय? तो म्हणाला, हात लावलाच नाही. मग धुतला कसा? गाडीवरच धुतला. मी म्हटलं, कान मग गाडीवरच बरा झाला का? यावर तो रागावला नाही, आवाज चढवला नाही, उलट माझ्याकडे काळजीनं पाहायला लागला. चहा आला. मी चहा प्यालो. तो प्यालो याचा राग मला अल्टरनेटरइतकाच अजून येतो.

पुरावा म्हणून माझ्यापाशी होता काय, तर एक नसलेली खूण. असलेली खूण दाखवता येते. फुटका माल जाऊन धड माल आला, अशी तक्रार घेऊन कुठल्या दारात जायचं? आमच्या घरात तर निकाल लगेच लागला. "अहो, मोडका गेला, चांगला आला. पेढे वाटा." आता तिला कसं समजवायचं की वरून धड आहे तो आतून मेलाय, आणि माझा मोडका होता त्याच्या पंपावर मी भरल्या गाडीनिशी डोळे झाकून घाट उतरत होतो? नानाही म्हणाले, जाऊ दे. नाना जाऊ दे म्हणाले कारण लायनरचा विषय त्यांनाही मिटवायचा होता.

तेव्हापासून ठरवलं, जमेल ते घरीच. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, पट्टा ढिला केला, ऑइलच्या नळीचा बोल्ट काढला, तांब्याचे वायसर डबीत ठेवले. ते वायसर नवे टाकावेत, जुन्यांतून ऑइल पाझरतं आणि पुढे इंजिनचा तळ कोरडा पडतो. पंपाचं झाकण उघडलं तर पात्यांच्या कडा कुरतडलेल्या. किट आणून पाती बदलली, ओरिंग, सील सगळं नवं. ब्रेक सुधारला, पण अर्धाच. पंपाच्या घराला आतून इतके ओरखडे होते की नवी पातीसुद्धा घट्ट टेकत नव्हती. घरच खराब म्हटल्यावर किट काय करणार.

नव्याचा भाव ऐकून मी भंगाराच्या गाळ्यावर गेलो. मांडणीवर अल्टरनेटर ओळीनं ठेवलेले. मी एकेक उचलून खालचा कान पाहत होतो. दुकानदार म्हणाला, "काय शोधताय?" मी म्हटलं, वेल्डिंग. तो म्हणाला, "वेल्डिंगवाला कशाला घेता? हा घ्या, ओरिजिनल, चालू गाडीवरून काढलाय."

चालू गाडीवरून. विक्रीची ही तारीफ आपण आयुष्यभर ऐकत आलोय, आणि चालू गाडीवरून अल्टरनेटर कोण कशाला काढेल हे मी कधी विचारलं नव्हतं. शाफ्ट फिरवून पाहिला, मागच्या तोंडावर बोट धरून फिरवला, बोट ओढलं गेलं. बॉडीवर छन्नीनं ठोकलेली अक्षरं होती: रा. बा. कुणीतरी मुद्दाम ठोकलेली, आपला माल ओळखू यावा म्हणून. अपघातात गेली असेल ती गाडी. कापली असेल. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, ते झेपलं नसेल म्हणून विकली असेल. असं बरंच काही मी स्वतःला सांगितलं आणि घासाघीस करून तो घेतला. बसवला. सेल्फ मारताक्षणी पेडल पायाखाली बोटभर खचलं. इतका चांगला ब्रेक या गाडीला माझ्याकडे आल्यापासून कधी नव्हता.

बाकी कामं आता घरीच चालतात. पाट्यांच्या शॅकलला ग्रीस, डिझेल फिल्टर, गाडीनं एअर घेतली की पंप मारून काढणं. युरिया आणला की त्याच संध्याकाळी हौदा धुतो; खताइतका पत्रा दुसरं काही खात नाही, फाळक्याच्या बिजागऱ्या पहिल्या जातात. गाडी गॅरेजला द्यायची वेळ आली तर आधी फोटो काढा, पार्टवर खुणा करा, शक्यतो तिथंच खुर्ची टाकून बसा, असं मी सगळ्यांना सांगतो. खुणांचा उपयोग किती होतो ते सांगत नाही.

गिअरबॉक्सचं सील गळायला लागलं तेव्हा मात्र पुन्हा त्याच मिस्त्रीकडे गेलो. जवळपास दुसरा कोणी ते काम धड करत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातात कला आहे. क्लचला आजतागायत हात लावावा लागला नाही. दिवसभर खुर्ची टाकून बसलो. दुपारी त्यानं बॉनेट उघडलं, अल्टरनेटर पाहिला, वाकून अक्षरं वाचली.

"कुठनं घेतला?"

मी सांगितलं.

"कितीला?"

तेही सांगितलं.

"महाग पडला, दादा. मला बोलला असता तर याच्याहून कमीत दिला असता."

सील त्यानं चांगलं बसवलं. अजून थेंब नाही.