राष्ट्राध्यक्षांच्या विमानात एक दुपार

अमेरिकेत मुलामुलींकडे जाऊन आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांचे फोटो पाहिले, तर त्यात ठरलेली ठिकाणे असतात. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि लोखंडी कुंपणाबाहेरून टिपलेले व्हाइट हाउस. आमच्याही फोटोंत ती होतीच. म्हणून ओहायो राज्यातल्या कोलंबसला लेकीकडे असताना एका शनिवारी सकाळी जावईबापू म्हणाले, "आई, व्हाइट हाउस तुम्ही बाहेरून पाहिलंत. आज उडतं व्हाइट हाउस आतून दाखवतो," तेव्हा मला वाटले, चेष्टाच चालली आहे.

चेष्टा नव्हती. कोलंबसहून पश्चिमेला सुमारे सत्तर मैलांवर डेटन नावाचे शहर आहे. वाट सरळ, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची सपाट शेते. पराठ्यांचा डबा संपेपर्यंत डेटन आलेसुद्धा. या शहरात अमेरिकेच्या हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्यात राष्ट्राध्यक्षांनी प्रत्यक्ष वापरलेली विमाने ठेवली आहेत. नुसती दुरून पाहायची नाहीत, त्यातल्या चार मोठ्या विमानांत चक्क चढून आतून फिरता येते. आणि तिकीट? तिकीटच नाही! हे ऐकल्यावर आमच्या ह्यांचा उत्साह एकदम दुणावला.

सायकलवाल्यांचे गाव

हे संग्रहालय डेटनलाच का, याचेही उत्तर आहे. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे बंधू इथलेच. इथे त्यांचे सायकलींचे दुकान होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी किटी हॉकच्या वाळूत पहिले उड्डाण केले ते बारा सेकंदांचे, १२० फुटांचे. पण विमान वळवायचे कसे, हवेत जास्त वेळ टिकवायचे कसे, हे ते पुढची दोन वर्षे डेटनजवळच्या एका माळरानावर शिकले. तो माळ आता राइट-पॅटरसन या हवाई तळाच्या हद्दीत आहे आणि संग्रहालयही त्याच तळाला लागून आहे.

आत शिरले की प्रचंड मोठे, कमानदार छपरांचे चार हँगर लागतात. साडेतीनशेहून अधिक विमाने, क्षेपणास्त्रे आणि अवकाशयाने आहेत. सगळी पाहायची तर दोन दिवसही पुरणार नाहीत. आम्ही सरळ चौथ्या इमारतीकडे वळलो. ही इमारत २०१६ साली खुली झाली. त्याआधी राष्ट्राध्यक्षांची विमाने तळाच्या बंदिस्त भागात होती आणि पाहुण्यांना बसमधून तिकडे न्यावे लागे.

पवित्र गाय

पहिले विमान पाहिले आणि पाटी वाचून आम्ही दोघे हसू लागलो. विमानाचे नाव 'सेक्रेड काउ', म्हणजे पवित्र गाय! अर्थात ते कागदोपत्री नाव नव्हे, वार्ताहरांनी ठेवलेले. इंग्रजीत ज्याला कोणी हात लावायचा नाही, ज्याच्यावर टीका करायची नाही, अशा गोष्टीला पवित्र गाय म्हणतात. ही कल्पना त्यांनी आपल्याकडूनच उचललेली.

हे चार पंख्यांचे विमान दुसऱ्या महायुद्धात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासाठी खास बांधले गेले. त्याआधी जानेवारी १९४३ मध्ये ते कॅसाब्लांकाच्या परिषदेला गेले होते ते एका प्रवासी कंपनीच्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. पदावर असताना विमानात बसणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. परतीच्या वाटेवर त्यांचा एकसष्टावा वाढदिवसही आकाशातच साजरा झाला.

पोलिओमुळे रूझवेल्ट यांना चालता येत नव्हते. चाकांच्या खुर्चीसाठी प्रत्येक विमानतळावर लांबलचक उतरंड उभारायची, म्हणजे बडी व्यक्ती येणार हे शत्रूच्या हेरांना आयतेच कळणार. म्हणून या विमानाच्या पोटात एक छोटी लिफ्ट बसवली. खुर्ची जमिनीवरच लिफ्टमध्ये सरकवायची आणि सरळ वर न्यायची. ती लिफ्ट आजही तिथे दिसते. एका खोलीएवढ्या बैठकीच्या जागेला बंदुकीच्या गोळीने न फुटणाऱ्या काचेची खिडकी आहे. एवढी सगळी तयारी केली, पण रूझवेल्ट या विमानातून एकदाच परदेशी गेले, फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेला. दोन महिन्यांनी त्यांचे निधन झाले. लिफ्ट राहिली, लिफ्टमधला माणूस गेला.

पुढे याच विमानात २६ जुलै १९४७ रोजी हॅरी ट्रुमन यांनी एका कायद्यावर सही केली आणि त्या कायद्याने अमेरिकेचे हवाई दल सैन्यापासून वेगळे झाले. हवाई दलाचा जन्म विमानात व्हावा, हा योग चांगलाच म्हणायचा.

नेहरूंना आणायला गेलेले विमान

शेजारचे विमान पाहून लहान मुले हटकून थांबतात, कारण त्याच्या नाकाडावर गरुडाची चोच रंगवलेली आहे आणि अंगावर पिसे. हे ट्रुमन यांचे 'इंडिपेंडन्स'. नाव स्वातंत्र्याचे असले, तरी ते पडले ट्रुमन यांच्या गावावरून. मिसूरी राज्यात इंडिपेंडन्स नावाचे गाव आहे. १९५० च्या ऑक्टोबरात कोरियाच्या युद्धाबाबत जनरल मॅकआर्थर यांना भेटायला ट्रुमन पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर गेले ते याच विमानाने.

पण आपल्या दृष्टीने या विमानाची थोरवी वेगळीच आहे. ऑक्टोबर १९४९ मध्ये पंडित नेहरू पंतप्रधान म्हणून पहिल्यांदा अमेरिकेला गेले, तेव्हा ट्रुमन यांनी त्यांना आणायला आपले हे विमान लंडनला पाठवले होते. अकरा तारखेला नेहरू त्यातून वॉशिंग्टनला उतरले, तेव्हा स्वागताला स्वतः ट्रुमन उभे होते. आपला देश स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, राज्यघटनाही अजून लागू व्हायची होती. अशा देशाच्या पंतप्रधानासाठी 'स्वातंत्र्य' नावाचे विमान यावे! त्या अरुंद दरवाजातून आत जाताना ह्यांनी नकळत वाकून चौकटीला हात लावला. देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा. मागून येणाऱ्या अमेरिकन कुटुंबाला त्याचा अर्थ कळला नसेल, मला कळला.

'एअर फोर्स वन' म्हणजे काय?

तिसरे विमान आयसेनहॉवर यांचे. त्याचे नाव 'कोलंबाइन'. हे कोलरॅडो राज्याचे फूल, आणि त्यांच्या पत्नी मेमी तिथल्याच. राष्ट्राध्यक्षाच्या विमानाला बायकोच्या माहेरच्या फुलाचे नाव, हे मला फारच आवडले.

आयसेनहॉवर यांच्याच काळात 'एअर फोर्स वन' हे नाव आले. १९५३ मध्ये त्यांचे आधीचे विमान आकाशात असताना त्याचा आणि एका साध्या प्रवासी विमानाचा क्रमांक सारखाच निघाला आणि नियंत्रण कक्षाचा गोंधळ उडाला. तसे पुन्हा होऊ नये म्हणून ठरले, की राष्ट्राध्यक्ष ज्या विमानात असतील त्याला रेडिओवर 'एअर फोर्स वन' म्हणायचे. म्हणजे हे एका ठरावीक विमानाचे नावच नव्हे. राष्ट्राध्यक्ष बसले की हवाई दलाचे कोणतेही विमान 'एअर फोर्स वन' होते आणि उतरले की ते नाव जाते.

याची गंमत, खरे तर गंमत म्हणू नये, ९ ऑगस्ट १९७४ रोजी दिसली. राजीनामा दिलेले निक्सन सकाळी वॉशिंग्टनहून कॅलिफोर्नियाला निघाले तेव्हा त्यांचे विमान 'एअर फोर्स वन' होते. दुपारी बारा वाजता ते मिसूरीच्या आकाशात असताना खाली वॉशिंग्टनला फोर्ड यांनी शपथ घेतली. वैमानिकाने त्याच क्षणी रेडिओवरून आपले नाव बदलून घेतले आणि विमानाचा साधा क्रमांक सांगितला. विमान तेच, खुर्ची तीच, बसलेला माणूसही तोच. पद तेवढे आकाशातल्या आकाशात उतरले होते. ते विमान आता कॅलिफोर्नियात रेगन यांच्या ग्रंथालयात आहे.

करवतीच्या खुणा

चौथे विमान पाहायला रांग होती. निळे, पांढरे, चकचकीत जेट. क्रमांक २६०००. हा रंग पुढे राष्ट्राध्यक्षांच्या विमानांची ओळख बनला. तो रेमंड लोवी या प्रसिद्ध सजावटकाराने केनेडी दांपत्यासाठी ठरवला होता. विमान १९६२ च्या ऑक्टोबरात सेवेत आले.

आतली वाट इतकी अरुंद, की समोरून कोणी आले तर अंग चोरावे लागते. दोन्ही बाजूंना पारदर्शक आडोसे आहेत. त्यातून खुर्च्या, टेबले, टेलिफोन दिसतात. मागच्या भागात गेलो आणि जावयांनी बोट दाखवले, "इथे."

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी याच विमानाने डॅलसला आले होते. तासाभरातच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचे शव परत न्यायचे होते. आपल्या राष्ट्राध्यक्षाची शवपेटी सामानाच्या कप्प्यात टाकायला विमानाचे कर्मचारी तयार होईनात. त्यांनी मागच्या खुर्च्या उखडल्या, मधली भिंत करवतीने कापली आणि पेटी प्रवाशांच्या दालनात, माणसांमध्ये ठेवली.

आणि तिथून काही पावलांवर, विमान उडण्यापूर्वीच, लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. शपथ सेरा ह्यूज या न्यायाधीश बाईंनी दिली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला शपथ देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. शेजारी जॅकलीन केनेडी उभ्या होत्या, रक्ताचे डाग पडलेल्या त्याच गुलाबी पोशाखात. एवढ्याशा जागेत पंचवीसएक माणसे दाटीने उभी. ते छायाचित्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिले आहे. छायाचित्रात ती खोली मोठी वाटते. प्रत्यक्षात आपल्या चाळीतल्या स्वयंपाकघराएवढीही नाही.

त्या जागी कोणी बोलत नव्हते. पुढे याच विमानाने १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले, १९८१ मध्ये सादात यांच्या अंत्ययात्रेला तीन माजी राष्ट्राध्यक्ष एकत्र गेले, १९८३ च्या अमेरिका दौऱ्यात इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीही यात बसल्या. पण लक्षात राहते ती ती कापलेली भिंत.

राणीवरून आठवले, सत्ता आणि विमान यांची अशी गाठ त्यांच्याही आयुष्यात पडली होती. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी वडील सहावे जॉर्ज वारले, तेव्हा त्या केनियात होत्या. जाताना विमानात चढल्या त्या राजकन्या म्हणून आणि दुसऱ्या दिवशी लंडनला शिडीवरून उतरल्या त्या राणी होऊन. खाली पंतप्रधान चर्चिल मान झुकवून उभे होते.

आपल्याकडे

परतताना गाडीत साहजिकच आपल्या पंतप्रधानांच्या विमानाचा विषय निघाला. पूर्वी लांबच्या परदेश दौऱ्यांसाठी एअर इंडियाचे जम्बो नेहमीच्या फेऱ्यांतून काढून घेत आणि आतली मांडणी बदलत. २०२० च्या ऑक्टोबरात खास या कामासाठी दोन बोइंग ७७७ विमाने आली. क्षेपणास्त्रांपासून बचावाची सोय असलेली ही विमाने हवाई दलाचे वैमानिक चालवतात. अमेरिकेत १९९० मध्ये आलेल्या जम्बोंत चार हजार चौरस फूट जागा आहे, दवाखाना आहे, हवेतल्या हवेत इंधन भरता येते.

हे सगळे ऐकल्यावर ह्यांनी विचारले, "जोरहाटचे आठवते?"

आठवत होते. ४ नोव्हेंबर १९७७. पंतप्रधान मोरारजी देसाई हवाई दलाच्या 'पुष्पक' या विमानाने दिल्लीहून आसामात जोरहाटला निघाले होते. रात्रीच्या अंधारात विमान जोरहाटजवळ टेकेलागाव इथे शेतात कोसळले. पुढचा भाग चक्काचूर झाला. एक्याऐंशी वर्षांचे मोरारजीभाई मागच्या भागातून जिवंत बाहेर आले, इतर प्रवासीही वाचले. गावकरी अंधारात धावत मदतीला आले. पण पुढे बसलेले विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा आणि त्यांचे चार सहकारी, असे हवाई दलाचे पाचही जण गेले.

मोरारजीभाई वाचले, ही बातमी आमच्या पिढीच्या लक्षात आहे. ती पाच नावे किती जणांच्या लक्षात असतील? दिवसभर आम्ही राष्ट्राध्यक्षांच्या खुर्च्या, टेबले, पलंग पाहत होतो. वैमानिकांच्या जागेपाशी मात्र घाईघाईने डोकावून पुढे सरकलो होतो. केनेडींसाठी भिंत कापणारे हातही विमानाच्या कर्मचाऱ्यांचेच होते.

तुम्ही कधी ओहायोत लेकीकडे किंवा मुलाकडे गेलात, तर डेटनला एक दिवस जरूर काढा. सकाळी नऊला संग्रहालय उघडते, पाचला बंद होते. चालणे पुष्कळ आहे, पायात साधे, सवयीचे बूट असू द्या. आणि विमानात चढल्यावर आधी डावीकडे, वैमानिकांच्या दिशेने वळा. राष्ट्राध्यक्षांची खोली त्यानंतर पाहिली तरी चालेल.