सुनावणी

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव लागते. एके काळी बिलोली तालुक्यातले ते एक मोठे गाव होते. पुढे ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आणि गेल्या दशकात तेथील ग्रामपंचायतीचे रूपांतर नगरपंचायतीत झाले. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून अशा गावांना एक वेगळी ओळख दिली आहे : ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे संक्रमण करणारे क्षेत्र. ‘संक्रमण’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. मिसर देश मागे टाकलेले, परंतु वचनदत्त भूमीत अद्याप न पोहोचलेले इस्राएल लोक जसे वाटेवर होते, तशीच काहीशी अवस्था या गावांची आहे. शेणाने सारवलेले अंगण अजून सुटलेले नाही आणि सिमेंटचा रस्ता प्रत्येकाच्या दारापर्यंत आलेला नाही.

या वाटचालीत एक गोष्ट हातून निसटते आणि तिची चुटपुट फार थोड्यांना लागते. ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार वेळा ती भरवणे ग्रामपंचायतीला बंधनकारक असते. तेथे भांडणे होतात, काही ठराव आधीच लिहून आणलेले असतात, हे सारे खरे. तरीही गावातल्या कोणत्याही मतदाराला तेथे उभे राहून बोलण्याचा हक्क असतो. नगरपंचायत आली की ग्रामसभा संपते. शहरांसाठी घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण त्या 3 लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. नायगावसारख्या लहान गावाच्या वाट्याला त्या येत नाहीत. कारभार 17 निवडून आलेले सदस्य आणि मुख्याधिकारी यांच्याकडे जातो. आपल्या दारावरून किती रुंदीचा रस्ता जाणार, शेजारच्या शेतात घरे उठणार की कारखाना, बाजाराची जागा हलणार की राहणार, याविषयी सामान्य माणसाला आपले म्हणणे मांडण्यासाठी कायद्याने राखून ठेवलेली एकच महत्त्वाची जागा उरते. ती म्हणजे विकास आराखड्यावरील हरकतींची सुनावणी.

महाराष्ट्रात या आराखड्याचा आधार 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा आहे. आराखडा म्हणजे पुढील सुमारे 20 वर्षांच्या गावाचे चित्र. पिवळ्या रंगात रहिवासी भाग, हिरव्या रंगात शेती, कुठे शाळेचे आरक्षण, कुठे उद्यानाचे, कुठे स्मशानभूमीचे. प्रारूप आराखडा तयार झाला की त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. ठरलेल्या मुदतीत कोणालाही लेखी हरकत घेता येते. नंतर नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ही समिती हरकतदारांना बोलावून त्यांचे ऐकते आणि आपला अहवाल देते. ज्या खासगी जमिनीवर आरक्षण पडले ती 10 वर्षांत संपादन झाली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देऊन आरक्षणातून सुटका मागता येते, अशीही तरतूद आहे. कायदा इतका निर्दय नाही. मात्र तो वाचणाऱ्याचा आहे, आणि ज्याच्याजवळ सातबारा आहे त्याचा आहे.

आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी कितीजणांजवळ सातबारा आहे? आपली पुष्कळ वस्ती गावकुसाबाहेरची. कोणाचे घर गायरानाच्या कडेला, कोणाचे नाल्याच्या काठी. 1978 ते 1990 या काळातील गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने 1991 साली घेतला. काहींची नावे कागदावर चढली, अनेकांची राहून गेली. गाव खेडे होते तोवर त्या जमिनीकडे कोणी फिरकत नव्हते. तालुक्याचे कार्यालय आले, महामार्ग सुधारला, प्लॉट पडू लागले, आणि कालची पडीक जागा आज मोक्याची झाली. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला रस्ता न्यायचा असतो तेव्हा पक्क्या इमारतींना वळसा घालून ती रेघ नेमकी पत्र्याच्या घरांवरून जाते. यात दर वेळी कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. पत्र्याची घरे नकाशावर दिसतच नाहीत.

मराठवाड्यातल्याच एका गावी अशा एका सुनावणीला मी गेलो होतो. आमच्या वस्तीतली एक वृद्ध विधवा माउली, तिच्या शेजारच्या दोन बायका आणि मी. तिच्या घरापुढची वाट बैलगाडी जेमतेम जाईल इतकी. आराखड्यात तेथे बारा मीटरचा रस्ता दाखवलेला. सकाळी दहाची वेळ दिलेली होती, पुकारा झाला तो तीन वाजता. ती आत गेली आणि उभीच राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसेना.

“आजी, तुमचं काय म्हणणं आहे?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“सायेब, रस्ता व्हावा, माझी ना न्हाई,” ती म्हणाली. “रस्ता आमच्या घरावरून जायलाय. मग आम्ही कुठं जावं, तेवढं कागदावर लिहून द्या.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा तिच्या बाजूला फिरवला आणि विचारले, “तुमचं घर दाखवता का?” तिला नकाशा वाचता येईना. “हापसा कुठं हाय?” तिने विचारले. हापसा नकाशावर नव्हता. शेवटी शाळा सापडली, शाळेवरून ओढा, ओढ्यावरून तिचे घर. मग शेजारणींनी आपापली घरे दाखवली. अधिकाऱ्याने पेन्सिलीने तेथे एकेक चौकोन काढला. मी मोजले, अकरा चौकोन झाले. पुढे काय निर्णय लागेल ते सांगता येत नव्हते. प्रकरण वर जाणार होते. परंतु त्या दिवशी त्या नकाशावर अकरा घरे प्रथमच उगवली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “फादर, आज पहिल्यांदा कुणी इचारलं.”

आपल्या मराठीत ‘सुनावणे’ या क्रियापदाचा अर्थ खडसावणे असा होतो. ‘त्याला चांगलेच सुनावले,’ असे आपण म्हणतो. कचेरीतली सुनावणी म्हणजे मात्र ऐकून घेणे. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी पहिलाच अर्थ अमलात येतो. लोकांना बोलावतात आणि आधीच झालेला निर्णय सुनावतात. म्हणून त्या अधिकाऱ्याने नकाशा फिरवला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. ऐकण्याची सुरुवात तेथे झाली.

लंडनमधील वॉन्ड्सवर्थ भागात एकोणिसाव्या शतकात असेच एक प्रकरण घडले होते. कूपर नावाच्या एका माणसाने, घर बांधण्यापूर्वी द्यावयाची सूचना दिली नाही म्हणून, तेथील स्थानिक मंडळाने माणसे पाठवून त्याचे अर्धवट बांधकाम पाडून टाकले. तसा अधिकार कायद्याने मंडळाला होता. तरीही 1863 साली न्यायालयाने मंडळाविरुद्ध निकाल दिला. कारण इतकेच की पाडण्यापूर्वी त्याला बोलण्याची संधी दिली नाही. त्या निकालात न्यायमूर्ती बाइल्स यांनी 1723 मधील एका जुन्या निकालाचा दाखला देऊन थेट उत्पत्तीच्या पुस्तकाकडे बोट दाखवले. परमेश्वर सर्वज्ञ. फळ कोणी खाल्ले हे त्याला ठाऊक होते. तरीही एदेन बागेतून बाहेर घालवण्यापूर्वी त्याने आदामाला हाक मारली, तो कोठे आहे हे विचारले, त्याचे म्हणणे ऐकले, मग एवेचेही ऐकले. ज्याला सर्व काही माहीत आहे तोसुद्धा ऐकल्यावाचून निवाडा करीत नाही. मग नकाशावर हापसाही न दाखवू शकणाऱ्या आपण माणसांनी किती ऐकले पाहिजे!

आपल्या देशात हेच तत्त्व मुंबईच्या पदपथांवरील माणसांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस प्रकरणाच्या 1985 मधील निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि हटवण्यापूर्वी माणसाचे ऐकून घेणे हा सर्वसाधारण नियम सांगितला. पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार मात्र न्यायालयाने कायम ठेवला. हा तोल मला योग्य वाटतो. रस्ते हवेत. रुग्णवाहिका ज्या गल्लीत शिरत नाही तेथे गरीबच आधी मरतो. प्रश्न रस्त्याचा नसतो. ज्याच्या अंगणातून तो जातो त्याला विचारण्याचा असतो.

आपल्या परिसराने याचे दोन धडे पाहिले आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. 50 हून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. अरुंद बोळांतल्या दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गाडली गेली होती, म्हणून नव्या गावांचे रस्ते रुंद आणि सरळ काढले. जमिनीच्या प्रमाणात 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली. हेतू चांगला होता, पण चौकोनी आखणीत जुने शेजार तुटले. याउलट जेथे घरे जागेवरच दुरुस्त करावयाची होती, तेथे गावातल्याच स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे करण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यात मोठा वाटा उचलला. घरमालक आपल्या घराच्या कामावर स्वतः देखरेख करू लागले. दुसरा धडा नांदेडचा. 2008 मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीसाठी शहराचा कायापालट झाला. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत महाराष्ट्रातील जी पाच शहरे होती त्यांत मराठवाड्यातले एकटे नांदेड होते. रस्ते रुंद झाले, पदपथ आले, गोदावरीचे घाट बांधले गेले. दूरदेशीचा यात्रेकरू त्या रस्त्यावरून चालताना धन्यवाद देतो, आणि ते योग्यच आहे. मात्र रुंदीकरण म्हटले की कोणाची तरी ओसरी, कोणाचे तरी दुकान मागे सरकते, याचीही आठवण आपण ठेवावी.

एकत्र येऊन बोलले तर काय होते, हे वसईच्या आपल्या बांधवांनी दाखवले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी लोक रस्त्यावर आले, आणि 2016 साली मुंबई महानगराचा प्रारूप प्रादेशिक आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा वसईतून हजारो लेखी हरकती गेल्या. फादर आज आपल्यात नाहीत. 2024 साली ते देवाघरी गेले. आमच्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, 2020 साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले होते, याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांचा तो हरकतीचा कागदही आम्ही उचलला पाहिजे.

ख्रिस्तसभेला हा विचार परका नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की, गरिबांना हलवणे अटळच असेल तर त्यांना आधी पुरेशी माहिती द्यावी, चांगल्या घरांचे पर्याय पुढे ठेवावेत आणि त्या निर्णयात त्यांना सहभागी करून घ्यावे. आणि आपल्या घरची परंपरा पाहा. लग्न ठरले की वधूवरांची नावे आपण मंदिरात जाहीर करतो, कोणास अडचण ठाऊक असल्यास कळवावे असे सांगतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली ही जाहीर सूचना तीन वेळा देण्याचा नियम केला. दोन माणसांच्या घराविषयी आपण इतके विचारतो. मग अकरा घरांविषयी का विचारू नये?

म्हणून माझी नम्र सूचना आहे. चर्चच्या दारातील फलकावर एक कोपरा नगरपंचायतीच्या व नगरपालिकेच्या सूचनांसाठी राखावा. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी राजपत्र व वर्तमानपत्र पाहून त्या तेथे लावाव्यात, आणि रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास बसून ज्यांना वाचता येत नाही त्यांना नकाशा वाचून दाखवावा. घरपट्टीची पावती, विजेचे बिल, जुने रेशनकार्ड, जे काही असेल ते पिशवीत घालून आणावे. हरकतीचा अर्ज साध्या मराठीत, आपल्या हस्ताक्षरात लिहिला तरी चालतो. फक्त तो मुदतीत द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि सुनावणीच्या दिवशी मजुरी बुडाली तरी जावे. एकटे जाऊ नये. शेजारणीला बरोबर न्यावे.