जुन्या बाजारातला स्वेटर

पुण्याला माल घेऊन येणाऱ्या शेतकरी बंधूंना गुलटेकडीचे मार्केट यार्ड ठाऊक असते. लग्नाचा बस्ता बांधायचा तर लक्ष्मी रस्ता, बायकामाणसांच्या किरकोळ खरेदीला तुळशीबाग, हेही सर्वांना माहीत. पण याच पुण्यात आणखी एक बाजार आहे. तिथे खरेदी करून आलेला माणूस मात्र सहसा तसे सांगत नाही. तो म्हणजे मंगळवार पेठेत वर्षानुवर्षे रविवारी आणि बुधवारी भरत आलेला जुना बाजार.

माझे घर कसबा पेठेत. तांबट आळीतले हातोड्यांचे ठोके ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. तिथून कुंभारवेशीकडे चालत निघाले की थोड्याच वेळात जुना बाजार लागे. रस्त्याच्या कडेने पथाऱ्या पसरलेल्या असत. पाने-पकडी, कुलपे, बंद पडलेली घड्याळे, जुनी नाणी, पितळी दिवे, बूट, आणि मग कपड्यांचे ढीग.

हे कपडे येतात कोठून, असे पुष्कळांना वाटते. ते आपल्याच घरांतून येतात. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन जुन्या साड्या आणि एका पँटवर स्टीलचे पातेले मिळाले, की घरची बाई खूश होते. बोहारणीचे खरे काम त्यानंतर सुरू होते. घरी नेलेल्या मालाची ती निवड करते. अंगात घालण्याजोगा कपडा धुवून, उसवलेले शिवून, गुंडी लावून, इस्त्री करून बाजारात जातो. अगदी विरलेला सुती कपडा गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत यंत्रे पुसायला जातो. खऱ्या जरीची साडी असेल तर तिची जरी जाळून चांदी काढतात. लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून पानिपतला स्वस्त ब्लँकेटे विणतात. आपण धान्य निवडताना दाणा, कणी आणि कोंडा वेगळा करतो, कशालाच उकिरडा दाखवीत नाही. त्यातलाच हा प्रकार.

२०१६ सालची गोष्ट. पुरंदर तालुक्यातले माझ्या परिचयाचे एक शेतकरी दिवे घाट उतरून रविवारी सीताफळे घेऊन आले होते. भाव पडला होता. हमाली, भाडे वजा जाता हातात फार काही उरले नव्हते. ते म्हणाले, “साहेब, थंडी तोंडावर आली. रात्री पाणी द्यायला जावं लागतं, एक स्वेटर बघायचा होता. पण आता राहू द्या.”

मी म्हटले, “अण्णा, चला, एक बाजार दाखवतो.”

पथाऱ्यांशी पोहोचताच अण्णा थबकले. म्हणाले, “लोकांनी उतरवलेलं आम्ही घालायचं का, साहेब? गरीब असू, पण तेवढी पाळी आली नाही अजून.”

त्यांचा स्वर दुखावलेला होता. तेव्हा शेजारच्या टपरीवर चहा घेताना, आजवर कोणाला न सांगितलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली.

१९८८ साली मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. हिवाळ्यात सकाळी लवकर शेतावर प्रात्यक्षिके असत. वडिलांनी याच बाजारातून पंचवीस रुपयांना मला एक राखी रंगाचा लोकरी स्वेटर आणला. घरी आणून आईने तो धुतला, कोपराला आतून ठिगळ लावले. ऊब अशी, की तसा स्वेटर मला पुढे पगारातूनही मिळाला नाही. एकदा वर्गातला एक मित्र घरी आला. स्वेटर पाहून म्हणाला, “झकास आहे, कोठून घेतलास?” मी चटकन म्हणालो, “लक्ष्मी रोडवरून.” वडील तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. आईला एवढेच म्हणाले, “पोरांना चहा टाक.” पण त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी त्या बाजारातून कधी काही आणले नाही. पैसे साठवून नवेच आणीत. त्यासाठी स्वतःचे काय काय मागे ठेवले, ते मी विचारले नाही. आणि आता विचारायला ते नाहीत.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग उठून म्हणाले, “चला, बघू तरी.”

आणि बघू लागले ते बैल पारखावा तसे. मीही त्यांना चार गोष्टी दाखवल्या. कपडा उजेडासमोर धरावा. काख, बैठक, गुडघे आणि कॉलर येथे विरला असेल तर लगेच कळते. शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी. लोकरीला बारीक भोके असतील तर कसर लागली असे समजावे. सुती की टेरिकॉट याची शंका असेल, तर घरी आणल्यावर शिवणीतला एक धागा जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची घट्ट गुठळी होते. चुलीपुढे किंवा शेकोटीपाशी असले कापड अंगावर नसावे. गोधडीलाही जुने सुती लुगडे ते सुतीच; टेरिकॉटच्या गोधडीत घाम जिरत नाही. घरी आणलेला सुती कपडा उकळत्या पाण्यात बुडवून, लोकरीचा कोमट पाण्यात धुवून, कडक उन्हात वाळवल्यावरच घरच्या कपड्यांत मिसळावा.

अण्णांनी एक स्वेटर घेतला. शिवाय जाड सुती, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट आणि दोन पँटी घेतल्या, त्या खास फवारणीसाठी. मुलीला मात्र कॉलेजसाठी ड्रेस नवाच घ्यायचा, असे ते म्हणाले. मला ते पटले. कोठे जुने चालते आणि कोठे मन राखायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत सांगतो, की फवारणीचा जोड वेगळा ठेवा. हातमोजे, तोंडावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पण अर्ध्या बाहीच्या बनियनवर तरी पंप पाठीला लावू नका. काम झाले की तो जोड त्याच दिवशी, इतर कपड्यांपासून वेगळा, साबणाच्या पाण्यात धुवा. धुणाऱ्या बाईनेही हातमोजे घालावेत. मूळ औषध सांडून भिजलेला कपडा पुन्हा वापरू नका. आणि फवारणीचा कपडा बोहारणीला कधीही देऊ नका. तो उद्या कोणाच्या तरी लेकराच्या अंगावर जाईल.

दुसऱ्या वर्षी शिवारफेरीत अण्णा भेटले, तेव्हा तोच स्वेटर अंगात होता. बांधावरच्या एकाने विचारले, “अण्णा, कुठला घेतला?”

अण्णा माझ्याकडे पाहून म्हणाले, “पुण्याच्या जुन्या बाजारातला. पारखून घेतलाय.”

जे उत्तर मी अठराव्या वर्षी वडिलांसमोर द्यायला हवे होते, ते अण्णांनी चारचौघांत सहज दिले.