रोजचा एक प्रश्न
"डॉक्टर, यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे," सिस्टर चाचरत म्हणाली. इंजेक्शन भरून तयार होतं. मी रागावेन या भीतीने ती इतका वेळ गप्प होती. चूक माझीच.

तेव्हापासून ओपीडीआधी मी सगळ्यांना, अगदी सफाईच्या मावशींनाही, विचारतो, "काल माझं काही चुकलं का?" सुरुवातीला कुणी बोलेना. आता बोलतात. मी आधी "बरं झालं सांगितलंत" म्हणतो, मग बाकीचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही चिरा देण्यापूर्वी प्रत्येकजण आपलं नाव आणि काम सांगतो. एकदा तोंड उघडलं की पुढे धोका दिसल्यावर बोलणं सोपं जातं.

नेतृत्व असं रोज थोडं थोडं अंगवळणी पडतं. आणि पेशंटहो, अ‍ॅलर्जी असेल तर आम्ही विचारायची वाट पाहू नका. आधीच सांगा.