थोर कीं थॉर?

कार्लाइलनें १८४० सालीं लंडनांत विभूतिपूजेवर जीं सहा व्याख्यानें दिलीं, त्यांतील पहिलें ओडिन या नॉर्स देवावर आहे. कांहीं वर्षांपूर्वीं बीड येथें आम्ही तें शिकवीत होतों. एका विद्यार्थ्यास उतारा वाचावयास सांगितला. मेघगर्जनेच्या देवाचें नांव आलें आणि तो मोठ्यानें 'थोर' असें वाचून गेला. देव थोर असावा यांत मराठी कानास खटकण्यासारखें काय आहे? पण वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, आणि इंग्रजीच्या पदवीधरास शोभेल अशा ऐटींत 'थॉर' म्हणून त्याची चूक सुधारली. उरलेला उतारा त्यानें पुटपुटतच संपविला.

सायंकाळीं घरीं येऊन कोश उघडला, तो बहुधा स्वतःचीच पाठ थोपटून घेण्यासाठीं. कोशानें आमची चांगलीच खोड मोडली. जुन्या नॉर्स भाषेंत या नांवाचा स्वर दीर्घ 'ओ' आहे. 'ऑ' हा इंग्रजी तोंडाचा संस्कार. आरंभींचें व्यंजन जिभेचें टोंक दातांमध्यें धरून फुंकर घातल्यासारखें काढावयाचें. आइसलँडांत तें अद्याप तसेंच टिकून आहे; नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांत त्याचा 'त' झाला. आपल्या 'थ'शीं त्याचें कांहींच नातें नाहीं, मग तो 'थ' विद्यार्थ्याच्या तोंडचा असो कीं प्राध्यापकाच्या. म्हणजे व्यंजन दोघांचेंही चुकलें होतें, आणि स्वर मात्र त्या मुलाचा अधिक बरोबर होता! इंग्रजांनीं आपला गुरुवार याच देवाच्या नांवें केला, पण 'थर्सडे' म्हणतांना त्यांना स्वतःचा 'थॉर'देखील सांभाळतां आला नाहीं. आणि त्यांचा उच्चार आम्हीं प्रमाण धरला होता.

परक्या तोंडीं नांवाचें काय होतें, हें बीडकरांना निराळें सांगावयास नको. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरांत या जिल्ह्याचें नांव 'भीर' असें आहे. उर्दू वळणाच्या 'ड़'चा रोमन लिपींत 'र' झाला, आणि 'ब'ला हकार जडला. परळीचा 'ळ' तर त्या लिपींत मावतच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याच मुलाची वही हातीं आली. तिच्यावर मराठींत आडनांव होतें: तांदळे. आमचा हजेरीपट रोमन लिपींत छापलेला. त्यावरून जूनपासून आम्ही त्यास 'टंडाले' म्हणून पुकारीत होतों, आणि तो निमूटपणें 'हजर' म्हणत होता.

"अरे, इतके दिवस बोलला कां नाहींस?" आम्हीं विचारलें.

"सर, इंग्रजींत तसेंच म्हणत असतील, असें वाटलें."

आदल्या दिवशीं चारचौघांत सुधारलेला थॉर आम्हीं चारचौघांतच परत घेतला, आणि कोशांत काय सांपडलें तें वर्गास सांगितलें. या खेपेस कोणी हंसलें नाहीं. तांदळेही नाहीं, तो खालीं मान घालून वहीचा कोपरा मुडपीत राहिला. हजेरीपटावर त्याचें नांव आम्हीं शाईनें देवनागरींत लिहिलें. पुढच्या महिन्याचा पट आला, तो पुन्हां रोमनच.